सहावा खण

कोजागरीचं दूध आटून झालं, पिऊन झालं, आणि गच्चीवर तिघंच उरली. बाकीच्यांना सकाळी ऑफिस होतं. सौरभ खाली बेडरूमचं दार लावून अमेरिकेतल्या साहेबाशी बोलत होता. त्याची बायको वैदेही चटईवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. लग्न होऊन कोलकात्यात आल्यापासून तिने नवऱ्याचं इंग्रजीच जास्त ऐकलं होतं, तेही दारापलीकडून. शेजारी तिची नणंद ऋचा, जन्माने आणि जिभेने इथलीच. समोर वेताच्या खुर्चीत अविनाशकाका, बँकेतून निवृत्त होऊनही पुण्याला न परतलेले, गच्चीवरच्याच खोलीत राहणारे.

खालच्या बंगाली घरातली लक्ष्मीपूजा केव्हाच संपली होती. उंबऱ्याशी काढलेली पांढरी पावलं चांदण्यात वरूनही दिसत होती.

"काका, गोष्ट सांगा," ऋचा म्हणाली. "पण खरा भूत पाहिजे. मागच्या वेळी शेवटी मांजर निघाला."

"भूत होतं की काय, ते मला माहीत नाही," काका म्हणाले. "चारुदत्त सबनीसचं झालं ते सांगतो. माझ्याच शाखेत होता. अशीच कोजागरीची रात्र, दोन हजार आठ सालची. आणि तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. खोटं बोलायला भोवती माणसं लागतात. त्याला तीही नव्हती."

वैदेहीने पदर खांद्यावर ओढून घेतला.

चारुदत्तकडे एक गडद निळी गाडी होती, एका कंपनीच्या साहेबाकडून घेतलेली. तिच्या डिकीत, उजव्या अंगाला, सीडी चेंजर बसवलेला होता. सहा खणांची पेटी. पेटीत सहा सीडी लावून ठेवायच्या आणि पुढे बसून बटण दाबायचं. मागे डिकीत घर्र आवाज होई, खट करून खण बदले आणि गाणं सुरू होई. कोरी सीडी घरी भरलेली असली तरी चाले, एमपीथ्रीही चालत. एका सीडीवर दीडशे गाणी. चारुदत्तला त्यातलं काही कळत नसे. ते खातं त्याच्या बायकोचं, विजयावहिनींचं.

चारुदत्तला शाखा तपासायला दुर्गापूर, हल्दिया, बहरमपूर अशी भटकंती असे, आणि विजयावहिनी घरी एकट्या. मग त्या प्रत्येक रस्त्याची एक सीडी करत. गाणी रस्त्याच्या लांबीला बेतून लावलेली, आणि मधे मधे त्यांचा स्वतःचा आवाज, संगणकाच्या माइकवर भरलेला. "अहो, शक्तिगढ आलं असेल. लांगचा खा, पण एकच. पाकातली मिठाई ती, साखर आहे तुम्हाला." पुढे दोन गाणी. मग, "दुसरा खाल्लात ना? माहीत होतं मला." चारुदत्त खरोखरच दुसरा खात असे. गाडीत एकटाच असला तरी तोंड पुसून घेई.

त्या वर्षी चैत्रात विजयावहिनी गेल्या. आजारपण नाही, काही नाही. दुपारी संगणकासमोर बसल्या होत्या, तिथेच.

ड्रॉवरमध्ये एक सीडी सापडली. वर मार्करने लिहिलेलं, 'नाशिक'. बदली होऊन परत जायच्या वेळेसाठी करायला घेतली होती. चारुदत्तने ती पेटीच्या सहाव्या खणात लावली. चेंजर ती वाचेना. घर्र, खट, पडद्यावर 'एरर', आणि पुन्हा पहिला खण.

इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या शंतनुने ती सीडी उलटी करून सगळ्यांना दाखवली. तेव्हा तो नुकता इंजिनीअर झाला होता, त्यामुळे सगळ्या जगाला समजावून सांगायच्या वयात होता. "हे बघा, मधल्या भोकाभोवती गडद कडं दिसतं ना? एवढ्या भागावर लिहिलंय. पुढे ही केसासारखी रेघ, आणि बाहेरचा सगळा फिका भाग कोरा. काकूंनी सीडी बंद केलेली नाही. अजून गाणी घालायची असली की उघडी ठेवतात. घरच्या संगणकाला ती वाचता येते, गाडीतल्या चेंजरला येत नाही. त्याला बंद केलेलीच लागते. द्या माझ्याकडे. पाच मिनिटांचं काम आहे."

"बंद केली की पुढे काही घालता येतं?" चारुदत्तने विचारलं.

"नाही. मग जेवढी आहे तेवढीच."

चारुदत्तने सीडी त्याच्या हातातून काढून घेतली आणि परत सहाव्या खणात लावून ठेवली.

"मग घरच्या संगणकावर ऐकायची ना," ऋचा मधेच म्हणाली.

"मीही तेच म्हटलं त्याला. म्हणाला, रस्त्याची आहे, खुर्चीत बसून काय ऐकायची?" काका थांबले. "खरं सांगू का, त्या खुर्चीत त्याला बसवत नव्हतं."

खालून सौरभचं हसणं आलं, साहेबासाठी हसायचं ते.

तर बदलीची ऑर्डर आली. पुढच्या आठवड्यात निघायचं. सामान ट्रकने रवाना झालं, पंखे उतरवून विकले, आणि चारुदत्तने ठरवलं, गाडी आपणच चालवत न्यायची. एकट्याने, नाशिकपर्यंत. सगळ्यांनी वेड्यात काढलं. त्याने ऐकून घेतलं.

मधे कोजागरी आली. मंडळाच्या हॉलवर दूध झालं. दुधाचं मोठं पितळी पातेलं लीनाताईंचं होतं. त्यांचे यजमान सैन्यात, घर फोर्ट विल्यमला. त्या मुलांना घेऊन आधीच परतल्या होत्या. पातेलं डिकीत मावेल अशी गाडी एकट्या चारुदत्तची. तो म्हणाला, मी पोचवतो. तसंही घरी जाऊन चार भिंतीच बघायच्या होत्या.

निघताना शंतनु खिडकीशी आला. "काका, जाताय आता. येताना माझ्या घरावरून या, ती सीडी द्या. मी जागाच आहे. निदान काकूंनी जेवढं भरलंय तेवढं तरी रस्त्यात ऐकाल."

चारुदत्त बराच वेळ स्टिअरिंगकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. आज करून टाकू बंद."

गाडी निघाली. व्हिक्टोरिया मेमोरियल मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना मैदान लागलं. पुनवेचं चांदणं, आणि गवतावर गुडघाभर धुकं. बग्गीचे घोडे रात्री तिथेच चरायला सोडतात. त्यांचे पाय धुक्यात बुडालेले, नुसती पाठीची वळणं तरंगत होती. रस्त्यावर दुसरी गाडी नाही. पहिल्या खणातलं भावगीत चालू होतं. मागे डिकीत रिकामं पातेलं चेंजरच्या पेटीला आपटून खणखणत होतं.

गाणं संपलं.

पुढचं लागलं नाही.

डिकीत घर्र झालं. खट.

पडद्यावर आकडा आला. सहा.

चारुदत्तने बटणाला हात लावला नव्हता. त्याला वाटलं, पातेल्याच्या धक्क्याने खण सरकला असेल. आता 'एरर' येईल. त्याने वाट पाहिली.

'एरर' आलं नाही.

आधी नुसती खरखर. मग पंख्याचा आवाज. प्रत्येक फेऱ्याला एक टक... टक... असं करणारा. त्यांच्या बेडरूमचा पंखा. जो चार दिवसांपूर्वी उतरवून विकला होता.

मग टेबलावर बांगडी टेकल्याचा आवाज.

मग एक श्वास. बोलण्याआधी घेतात तसा.

"अहो..."

चारुदत्तने गाडीचा वेग कमी केला.

"अहो, पातेलं वाजतंय मागे. खाली काहीतरी घाला."

गच्चीवर कुणी हललं नाही. ऋचाने वैदेहीचा हात धरला होता, आणि तो धरलाय हे दोघींनाही नंतर कळलं.

चारुदत्तने गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवूनच उतरला. म्हणाला, मला भीती वाटली की नाही ते आठवत नाही. सांगितलंय ते करायला हवं, एवढंच डोक्यात होतं. तेहतीस वर्षांची सवय. त्याने अंगावरची शाल काढली, घडी केली, पातेल्याखाली सारली. हलवून पाहिलं. वाजलं नाही.

चेंजरच्या पेटीवर हात ठेवला. आत काहीतरी फिरत होतं. पेटी गरम होती.

डिकी लावली. मान वर केली.

जवळच एक पांढरा घोडा उभा होता. चरायचं थांबून गाडीत बघत होता. ड्रायव्हरच्या रिकाम्या जागेकडे नाही.

तिच्या शेजारच्या.

चारुदत्त आत बसला. डावीकडे बघितलं नाही. पडद्यावर सहाच होता. पंखा फिरत होता. टक... टक...

तो हळूच म्हणाला, "कुठपर्यंत येणार आहेस?"

टक...

टक...

बांगडी पुन्हा वाजली. मग माउसचं बटण दाबल्याचा आवाज. आवाज भरून झाला की वहिनी दाबत, तो. आणि पहिल्या खणातलं पुढचं गाणं सुरू झालं.

फोर्ट विल्यमच्या दारात लीनाताईंनी पातेलं उतरवून घेतलं. "सबनीसकाका, एवढी चांगली शाल कशाला घातलीत खाली?"

"वाजत होतं."

"वाजेना का. एकटेच तर होतात गाडीत."

चारुदत्त म्हणाला, "हो," आणि शाल झटकून खांद्यावर घेतली.

शंतनुकडे तो गेला नाही. त्या पोराने सकाळपर्यंत दिवा चालू ठेवला होता. दूधवाला यायच्या आत चारुदत्त माझ्या दारात उभा, हातात ती सीडी. म्हणाला, "अविनाश, ट्यूब लाव. मला चष्म्याशिवाय दिसतंय ते खरं आहे का, सांग."

मी सीडी उलटी धरली. शंतनुने दाखवलेलं गडद कडं होतं. केसासारखी रेघही होती. आणि त्या रेघेच्या पलीकडे, जिथे सगळं कोरं होतं तिथे, आणखी एक कडं उमटलेलं. बोटभर रुंद, गडद.

"गाडीतला चेंजर फक्त वाचतो," काका म्हणाले. "त्याला लिहिता येत नाही. शंतनुला मी नंतर परत परत विचारलं. नाहीच येत."

"मग?" ऋचाचा आवाज बारीक झाला होता.

मग काय. त्याने सीडी बंद केली नाही. सहाव्या खणात पुन्हा लावली आणि ठरल्या दिवशी निघाला. मी म्हटलं, ट्रेनने जा, निदान माझ्या पुतण्याला बरोबर ने. म्हणाला, गाडीत जागा नाही. मागची सीट सगळी रिकामी होती.

मुक्कामाहून फोन करायचा. संबळपूर, रायपूर, नागपूर. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात झोप झालेल्या माणसाचा आवाज ऐकला मी. एकदा धीर करून विचारलं, काय बोलतात रे वहिनी एवढं? म्हणाला, "घरातलंच."

नाशिकला पोचला, आणि पंधरा दिवसांनी त्याने गाडी विकली. सीडी मला पाठवली कुरिअरने. फोनवर एवढंच बोलला, "आता कुठे जायचं नाहीये मला. शंतनुला सांग, बंद केली तरी चालेल."

शंतनुने संगणकात घातली. अकरा फायली दिसल्या. शेवटची, "खरगपूर आलं असेल, पाणी प्या." त्यापुढे काही नाही. विजयावहिनींनी चैत्रात सोडली तेवढीच. तो बंद करायला गेला, तर संगणक म्हणे, जागा शिल्लक नाही.

काका उठले. आत जाऊन एक पारदर्शक डबी घेऊन आले आणि ती ऋचाऐवजी वैदेहीच्या हातात दिली. का, ते त्यांनाच ठाऊक.

वैदेहीने सीडी कडांना धरून बाहेर काढली. मार्करची अक्षरं फिकी झाली होती, पण वाचता येत होती. तिने ती उलटी केली आणि चांदण्यात तिरकी धरली.

भोकाभोवती अरुंद गडद कडं. मग केसाएवढी रेघ. आणि त्या रेघेपासून पार बाहेरच्या कडेपर्यंत, नखाएवढीही जागा न सोडता, सगळी भरलेली.