रिकाम्या पाटाची हरकत

सुनावणीच्या दालनात चारशे खुर्च्या होत्या आणि चारशेच्या चारशे रिकाम्या होत्या. तरीही इतिवृत्तात 'सभागृह तुडुंब भरले होते' अशीच नोंद पडे आणि कायद्याच्या भाषेत ती खोटी नसे. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला सुपारीएवढा ध्वनिक्षेपक बसवला होता. त्यातून जिल्ह्यातले नागरिक बोलत, हरकती घेत, सूचना करत, प्रसंगी एकमेकांवर खेकसतसुद्धा. फक्त ते स्वतः तिथे नसत.

व्यासपीठावर मात्र एक हाडामांसाचं माणूस बसे. नीलांबरी घाडी, जिल्ह्याच्या भूवापर आराखड्याची सुनावणी अधिकारी. कोणती जमीन शेतीला, कोणती रानाला, कोणती कारखान्याला, हे लोकांना विचारून ठरवायचं तिचं काम. पूर्वी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात जाहिरात यायची, सात माणसं जमायची आणि त्यातली चार चहासाठी आलेली असायची. त्यावर तोडगा म्हणून छायानागरिक आले, म्हणजे प्रत्येक नागरिकाच्या वतीने बोलणारी त्याची यंत्रातली छाया.

आज कातरवणचा विषय होता. गावामागचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, सौरमळ्याला द्यायचा की नाही? कातरवण नीलांबरीचं गाव. दहावीनंतर ती तिथून बाहेर पडली, पण सातबाऱ्यावर नाव असल्याने ती अजून त्या गावची नागरिक होती. नकाशात सडा 'पडीक' होता. वर्षभरात तिथे कोणी फिरकल्याची नोंद नव्हती. सूर्याची वीज तिथे नाही तर कुठे करायची, असं तिचंही मत होतं.

"संमती," पहिल्या खुर्चीतून आवाज आला. "संमती," दुसऱ्या. असं करत सगळं गाव हो म्हणालं.

शेवटी तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीतून दाजी घाडींच्या छायेचा खर्जातला आवाज आला. "सडो घेवा. गावाक वीज होईच." आणि मग, दर सुनावणीला येई तसंच, थोडं थांबून, "बाय, दमलंस गो? वायच बस."

दाजी म्हणजे तिचे वडील; ती त्यांना आबा म्हणे. या एका वाक्यासाठी ती सुनावणीची वाट पाहत असे, हे कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. आई गेल्यावर बापलेकीत बोलणं उरलं नव्हतं. सुरुवातीला ती फोन करी. दाजी "बरा आसा" म्हणून ठेवून देत. मग तिने फोन करणंही सोडलं. आवाज इथे ऐकू येत होता, आणि तो तिच्याशी मायेने बोलत होता. आणखी काय हवं?

"एकमत!" पुण्याहून यंत्रणेच्या तपासणीला आलेले डॉ. पद्मनाभ केणी खूश होऊन म्हणाले. छायानागरिक हे त्यांच्याच डोक्यातलं पिल्लू.

"मला एक सांगा," नीलांबरीने विचारलं, "यांना कळतं कसं, त्या माणसाला काय वाटतं ते?"

"फोनमधल्या श्रुतियंत्राला माणूस जे सांगतो त्यावरून. दोन माणसं आपसात बोलत असली की ते आपोआप कान मिटतं, कारण दुसऱ्याचं बोलणं त्याच्या परवानगीवाचून टिपायला कायद्याने बंदी आहे. माणूस एकटा असताना यंत्राशी जे बोलतो, तेवढंच साठतं."

"आणि जो बोलतच नाही?"

"त्याची रिकामी जागा आम्ही शेजारभरणाने भरतो. त्याच गावचा, त्याच घराण्यातला, त्याच्याशी जास्तीत जास्त जुळणारा जो कोणी बोलका असेल, त्याचं मत उसनं घेतो. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय!"

अंतिम आदेशाआधी स्थळपाहणी करायची, असा जुना नियम होता. तो रद्द करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नीलांबरी गाडी काढून कातरवणला गेली.

गाव कडीकुलपात होतं. ओट्या झाडून घेतलेल्या, गोठे रिकामे, कुत्रंही दिसेना. मग सड्याच्या बाजूने धूर दिसला आणि तिला एकदम आठवलं. गावपळण! काही वर्षांनी एकदा ग्रामदैवत रवळनाथाचा कौल घेऊन सगळं गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. गुरं, कोंबड्या, म्हातारीकोतारी, सगळ्यांसकट. गाव देवासाठी मोकळं सोडायचं. ही रीत कधीच बंद पडली असं ती धरून चालली होती, कारण मागच्या दोन्ही खेपांना, फोनवरून माणसं दाखवणाऱ्या नकाशावर सगळं गाव घरातच दिसत होतं. घरात होते ते फोन. कुलूप घालताना लोक ते आतच ठेवत.

सड्यावर झावळ्यांच्या खोपी उभ्या होत्या. चुली पेटल्या होत्या, पोरं कातळावर घसरत होती, बायका इतक्या जोरात बोलत होत्या की आपण काय ऐकावं हेच तिला समजेना. कित्येक वर्षांत इतकी माणसं तिने एके ठिकाणी पाहिली नव्हती. ती एका कडेला उभी राहिली, आणि कोणाच्या लग्नात चुकून शिरल्यासारखं तिला वाटलं.

"इलंस?" दाजी समोर आले. किती वाळले होते! "ही मोळी घे. चुलीकडे टाक."

तिने मोळी टाकली. मग विचारलं, "आबा, सड्याची नोटीस पाहिलीत का?"

"बगली. काल हयच गाव बसलो, इचार झालो. सडो देवचो नाय. हो गेलो तर गावान जावचा खंय?"

"मग कळवलं का नाही कोणी? एकसुद्धा हरकत आली नाही!"

"कळवूचा कोणाक? तू आसस मा थंय? घरचा माणूस खुर्चीर बसला असताना गावान अर्ज करूचो?"

ती दुपारभर तिथे बसली. जेवली. दाजी आता म्हणतील, मग म्हणतील, अशी वाट पाहत राहिली. पण 'दमलंस गो' काही त्यांनी विचारलं नाही. निघताना ते खोपीची दोरी आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "काळोखाच्या आत घाट उतर."

गाडीत श्रुतियंत्राने रोजच्यासारखं विचारलं, "बोलायचंय?" आणि ती बोलू लागली. दुसरं होतं कोण? घरी स्वयंपाक करताना, कचेरीत जेवताना, ती त्याच्याशीच बोलत आली होती. "सडा पडीक नाही," ती म्हणाली. "वर्षभर मोकळा राहतो तो गावासाठी. पाहुण्याचा पाट रिकामा दिसला म्हणून कोणी चुलीत घालत नाही." मग घाट उतरेपर्यंत ती रडली.

दुसऱ्या दिवशी शेवटची सुनावणी होती. छायांच्या संमतीला मंजुरी द्यायची, की ती फिरवायला जिवंत माणसाची हरकत आणायची, एवढंच तिच्या हातात होतं. ती हरकत आता कशी मिळवावी याचा विचार करत ती व्यासपीठावर बसली.

"हरकत," पहिल्या खुर्चीतून आवाज आला. "हरकत," दुसऱ्या. केणी ताडकन उठून उभे राहिले. सगळं सभागृह उलटलं होतं.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "याला म्हणतात लोकशाही! गावाचं मन एका रात्रीत बदललं आणि यंत्रणेने ते टिपलं."

नीलांबरीच्या डोळ्यांत पाणी आलं. सडा वाचला होता. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून तो खर्जातला आवाज आला. "सडो पडीक नाय. पावण्याचो पाट रिकामो दिसलो म्हणान कोण चुलीत घालना नाय."

हे वाक्य दाजींचं नव्हतं. सड्यावर ते कोणीच बोललं नव्हतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "कातरवणच्या छाया कोणाकडून भरल्या आहेत, ते बघता येईल?"

केणींनी माग काढला. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"गावातल्या एकाही माणसाने श्रुतियंत्राशी जमिनीबद्दल चकार शब्द काढलेला नाही. सगळा भरणा एकाच नागरिकाकडून झालाय." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "तुमच्याकडून."

"मी कशी काय?"

"तुम्ही रोज बोलता, नीलांबरीबाई. पुष्कळ बोलता."

बरोबरच होतं. ज्याच्याभोवती माणसं आहेत तो यंत्राशी कशाला बोलेल? गाव चुलीशी बसून आपसात बोलत होतं आणि यंत्र कायद्याप्रमाणे कान मिटून घेत होतं. जिल्ह्यात त्याला ऐकू येत होतं ते फक्त एकट्या माणसांचं बोलणं. परवाची संमती तिची होती, आजची हरकतही तिचीच. आणि 'बाय, दमलंस गो?' तेसुद्धा! कितीतरी संध्याकाळी, 'आबांनी एकदा तरी असं विचारावं,' हे तिनेच त्या यंत्राला सांगितलं होतं.

केणी हळू आवाजात म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहू शकतं. निकाल तर तुम्हाला हवा तोच लागलाय. छाया रद्द केल्यात तर संध्याकाळपर्यंत जिवंत माणसाची हरकत लागेल, आणि अधिकारी म्हणून तुमची चालणार नाही. नाही आली, तर सडा आपोआप सौरमळ्यात जाईल."

तिने कडेच्या खुर्चीकडे पाहिलं. "बाय," खुर्ची म्हणाली, "दमलंस गो? वायच..."

"हो, दमले," नीलांबरी म्हणाली आणि तिने कातरवणच्या सगळ्या छाया बंद केल्या.

दालन इतकं शांत झालं की पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. तिने दाजींना फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुलूपबंद घरात, ओटीवरच्या कोनाड्यात ती वाजत असणार आणि मोकळ्या सोडलेल्या त्या गावात देव सोडून कोणी नव्हतं. ती थांबेपर्यंत नीलांबरीने फोन कानाला लावून ठेवला.

मग तिने गाडीची किल्ली उचलली. अधिकारी जिथे बसेल तिथे सुनावणी, असंही एक कलम होतंच. ते आजवर कोणी वापरलं नव्हतं, इतकंच.

"बोलायचंय?" गाडीत श्रुतियंत्राने विचारलं.

सडा येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.