आबांच्या हाताखालचा रोबो

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. गेल्या डिसेंबरात, मुलुंड पूर्वेला, तिन्हीसांजेला.

प्रांजल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. रोबो बनवायचं शिकत होती आणि त्याचं तिला वेडच होतं. तिचे आजोबा, गुणाजी आबा, गिरणीत राबलेले. म्हातारपणी डोळे गेले, कानही गेल्यातच जमा. त्यांच्यासाठी पोरीने चाकांवरचा एक रोबो केला. कमरेएवढा, वर धरायला दांडा. आबांनी दांडा धरला की तो आपणहून त्यांना खाटेपासून बाहेरच्या दारापर्यंत न्यायचा. वाटेत खुर्ची आली तर वळसा घालायचा.

वेग मात्र तिने ठरवला नव्हता. रोज आबांना चालवून चालवून रोबो त्यांच्या हाताच्या दाबावरून शिकला. आबा दमले की थांबायचं, सावरले की निघायचं.

दांड्यावर हात नसेल तर चाक हलायचं नाही.

"ह्यो माझो नातू," आबा सगळ्यांना सांगायचे.

आणि एका पहाटे आबा झोपेतच गेले.

संध्याकाळी त्यांच्या जागेवर दिवा लावला. शेजारी पीठ पसरलं. गेलेल्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात. बाहेरचं दार उघडं ठेवून सगळी आतल्या खोलीत बसली. प्रांजलचे डोळे रडून सुजले होते.

सगळं चिडीचूप.

आणि मग...

घर्र.

थांबलं.

पुन्हा... घर्र.

प्रांजलच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा वेग तिने झोपेतही ओळखला असता.

तिची आई, रत्नप्रभा, आधी उठली. आतल्या खोलीचं दार ढकललं.

पिठात चाकांच्या दोन रेघा होत्या.

आणि त्यांच्या मागे... माणसाचं पाऊल. डावं, फरफटलेलं. आबा डावा पाय ओढतच चालायचे.

रोबो पॅसेजमध्ये होता. हळूहळू पुढे सरकत होता. दांड्यावर कुणाचाच हात नव्हता.

"बंद कर ता आधी!" आई किंचाळली. "मेलेल्या माणसाक असा अडकवन ठेवतत काय? जाऊ दे गो तेंका!"

प्रांजलने लॅपटॉप ओढला. रोबो जे जे शिकला होता ते सगळं पुसलं. घाईघाईत, जपून ठेवलेली कॉपीसुद्धा उडवली.

रोबो जागच्या जागी थांबला.

आईने हात जोडले. "सुटले."

प्रांजल मात्र स्क्रीनकडे बघत राहिली. दांड्यावरचा दाब अजून दिसत होता.

कुणीतरी दांडा धरून उभं होतं. रोबो निघण्याची वाट बघत.

तेव्हा तिचं लक्ष रोबोच्या तोंडाकडे गेलं. ते बाहेरच्या दाराकडे होतं.

आबा अडकले नव्हते. आबा निघाले होते.

"आई गं, मी काय केलं!" ती धावली. रोबोला हाताने दाराकडे ढकलू लागली. पण तिचा वेग वेगळा, धक्का वेगळा. दोन पावलं गेली असतील...

स्क्रीनवरचा दाब नाहीसा झाला. हात सुटला होता.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला पॅसेजच्या भिंतीवर आवाज येतो. तळहाताने चाचपल्यासारखा.

प्रांजल रोबोला पुन्हा शिकवते आहे. कॉलेज, परीक्षा, सगळं बाजूला पडलंय. तिचा हात धरून तो चालतो, आईचा धरून चालतो. पण आबांचा हात आता आणायचा कुठून?

परवा तिने बाहेरचं दार सताड उघडलं आणि रडत हाक मारली. "आबा, हय! हयसून या!"

चाचपणं थांबलं.

क्षणभर काहीच नाही...

मग ते पुन्हा सुरू झालं, आणि दाराच्या उलट दिशेला, स्वयंपाकघराकडे वळलं.