देवगावचे पाहुणे

कालिंदी धापा टाकत बसमध्ये चढली तेव्हा एकच जागा उरली होती – बद्रीनाथच्या शेजारची! तिचं काळीज धडधडलं, ते काही पळत आल्यामुळे नव्हे. वर्षभर कॉलेजच्या वाचनालयात दोघं समोरासमोर बसत. पुस्तकं उघडी असायची, वाचत कोणीच नसे. बोलायची वेळ आली की मात्र दोघांच्याही तोंडाला कुलूप.

"बसा की," तो अंग चोरत म्हणाला. "थंडी लई हाय."

कॉलेजची पोरंपोरी गौताळ्याचा डोंगर चढायला निघाली होती. परवा बद्रीनाथ नोकरीवर नांदेडला जाणार होता. म्हणजे बोलायचं तर आजच. बोलेल का हा... एवढाच प्रश्न घेऊन शहरातल्या औरंगपुऱ्यातली ही पोरगी पहाटे उठली होती.

धबधब्यापाशी अजून धुकं होतं. कड्यावरून पाणी झिरमिळत खाली येत होतं आणि तुषार पापण्यांवर बसत होते. तिनं ओंजळ भरली अन् बोटं बधिरली. त्यानं गळ्यातला मफलर काढून पुढं केला. मफलरला चुलीच्या धुराचा वास होता. तिला तो फार आवडला.

"तुम्हाला नाही वाजत थंडी?"

"वाजती की. पण... तुमी कुडकुडाया लागल्या की जास्तच वाजती."

अगं बाई! ह्या मुखदुर्बळाला बोलता येतं तर!

"उद्या आमच्या शेतात हुरडा हाय," तो आणखी धीट झाला. "मैत्रिणींना घेऊन या ना देवगावला."

"उद्या? उद्या नाही हो जमणार. घरी पाहुणे यायचेत."

"अस्सं... बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा कुलूप!

पुढची सगळी चढण तो मुका. अवघड जागी हात द्यायचा, पाय टेकला की लगेच सोडायचा. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. डोळे भरून आले, पण दोष वाऱ्यावर ढकलता तरी आला.

शिखरावर बाकीचे शिदोऱ्या सोडत होते. हे दोघं कड्याशी उभे. खाली सारा खानदेश धुक्याची दुलई ओढून झोपलेला. तिकडंच बघत तो म्हणाला, "पोरगा काय करतो?"

"कुठला पोरगा?"

"पाहुण्यांचा. उद्या बघायला येणार ना तुमाला..."

कालिंदी आधी बघतच राहिली, मग हसून हसून खाली बसली. "अहो, आत्या येतेय माझी! मोतीबिंदू काढायचाय तिचा."

"आमच्या देवगावात लग्नाच्या पोरीनं 'पाहुणे यायलेत' म्हणलं, की पोरानं समजून घ्यायचं असतंय."

"म्हणून गप्प बसलात? आणि तसेच नांदेडला गेला असतात?"

"व्हय... मनातलं मनात घेऊन."

"काय आहे मनात?"

त्यानं मान वर केली. वर्षभर पुस्तकाआडून बघणारे डोळे आज सरळ तिच्याकडं बघत होते.

"तुमी."

एवढंच. पण कालिंदीला वाटलं, एवढ्यासाठी आणखी दहा डोंगर चढले असते.

"हुरडा उरकून, आमच्या तात्यांना, वडिलांना घेऊन... उद्या येऊ का तुमच्या घरी?" त्यानं विचारलं. "घरी काय सांगाल?"

"सांगीन, पाहुणे येणार आहेत."

"कोणते पाहुणे? मोतीबिंदूवाले का..."

तिनं मफलर नाकापर्यंत ओढून घेतला. आतून हळूच आवाज आला –

"देवगावातले."