बोटाआधी सूर

बास गिटारला पेडल घ्यायचं तर ते जाड तारेवर तपासून घ्यावं. सूर वाकवणारं पेडल म्हणजे पायाखालची एक हलती फळी. पंजा दाबला की वाजवलेला सूर घसरत वर जातो, टाच दाबली की खाली येतो. बारीक तारांवर सगळीच पेडलं शहाण्यासारखी वागतात. जाड तार छेडली की मात्र त्यांची तारांबळ उडते. सूर ओळखायलाच वेळ लागतो आणि आवाज बोटामागून रेंगाळत येतो. त्या शनिवारी दुकानात मी अशी बरीच पेडलं ऐकून बाजूला सारली.

दुकानदाराला आम्ही वाजवणारे लोक भोंगा म्हणतो, कारण त्याला हळू बोलता येत नाही. बास ही मागे उभं राहून वाजवायची वस्तू, तिच्यासाठी एवढी चिकित्सा कशाला, असं तो अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारत होता. मी कारण सांगितलं नाही.

कारण माझी ताई होती.

मी कान तपासायच्या दवाखान्यात तंत्रज्ञ आहे. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेरून एकेक सूर सोडायचा आणि तो ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. ताईचे कान मीच तपासत आलो. वरचे सूर आधी गेले. पाखरं गेली, दाराची घंटा गेली, मग तिचा स्वतःचा आवाज गेला. आमच्या बँडमध्ये ती गायची. एकदा गाता गाता मध्येच थांबली, माइक स्टँडला नीट अडकवला आणि खाली उतरली. त्यानंतर ती गायली नाही. आता खालचे सूर तेवढे उरले होते आणि तेही जाणार होते. कधी, ते डॉक्टर सांगत नव्हते.

तिने बांधलेली एक चाल होती, कधीच रेकॉर्ड न झालेली. ती मला म्हणाली होती, "एकदा बाहेरून ऐकू दे मला. मग सगळं गेलं तरी चालेल."

चाल बासवर खाली आणली तर ऐकू येण्यासारखी होती. अडचण एवढीच, की बासच्या दांडीवरचे पडदे जिन्यासारखे, आणि ताईची चाल घसरगुंडीवरून उतरणारी. बिनपडद्याची बास मी हातात घेतली की शेजारी खिडक्या लावून घेतात. म्हणून हे पेडल.

शेवटी भोंग्याने कपाटातून एक काढलं. गिऱ्हाइकाने परत आणलेलं होतं, म्हणाला. तक्रार काय, तर म्हणे घाई करतं. तो त्या गिऱ्हाइकाला पोटभर हसला. मी जाड तार छेडली आणि फळी दाबली. सूर कुठेही न अडखळता वर गेला. मी तेच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. बासचा आवाज मोठा करणाऱ्या अँपच्या खोक्याला पाठ टेकून बसली, एक तळवा लाकडावर ठेवला. चाल अजून माझ्या हातात बसली नव्हती, म्हणून मी नुसते सूर वाजवून दाखवले. तिला ऐकू येत होते. तिचा चेहरा इतका उजळला की मला मान खाली घालावी लागली. मग ती माझ्या हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, आवाज आधी येतोय. बोट नंतर हलतंय तुझं."

मी हसण्यावारी नेलं. ती गेल्यावर मात्र तारेचा आणि अँपचा आवाज वेगवेगळा रेकॉर्ड करून संगणकाच्या पडद्यावर पाहिला. अँपचा आवाज पुढे होता. मी वायरी बदलल्या, प्लग बदलला, संगणक बदलला. शेवटी स्वतःवर शंका घेतली आणि दवाखान्यात एका सहकाऱ्याकडून आपले कान तपासून घेतले. कान ठणठणीत होते.

अंतर वाढत गेलं. आधी पापणी लवण्याइतकं, मग श्वास घेण्याइतकं. मग एकदा मी बास गळ्यात अडकवायच्या आतच अँप वाजलं. चालीतलाच एक तुकडा होता, एका ठिकाणी चुकलेला. मी ठरवलं, हा तुकडा आज वाजवायचाच नाही. बास पेटीत ठेवली. संध्याकाळी सहज म्हणून काढली, भलतंच काहीतरी वाजवायला लागलो, आणि बोटं कधी त्या तुकड्यावर आली ते कळलं नाही. चूकसुद्धा त्याच ठिकाणी झाली.

दुसरं पेडल आणायला हवं होतं, हे कळत होतं. पण ताईची घसरण दुसऱ्या कशावर उतरत नव्हती, आणि दिवस हातातून निसटत होते. येत्या रविवारी तिला बोलवायचं ठरलं. आईलाही.

गुरुवारी दुपारी मी पाव आणायला खाली गेलो होतो. अँप चालू राहिलं होतं. परत येताना जिन्यातच मला चाल ऐकू आली.

सगळी चाल. पहिल्या सुरापासून. मी एवढं चांगलं कधी वाजवलं नव्हतं आणि पुढेही वाजवणार नाही. दार उघडून आत उभा राहिलो. बास भिंतीला टेकलेली होती, तिच्या तारा हलत नव्हत्या. ताई जिथे थांबून श्वास घ्यायची, तिथे सूर थांबत होता. शेवटची घसरण इतकी सावकाश उतरली की मला रडू फुटलं. माझ्या हातून ते होणार होतं याचा आनंद झाला मला. खोटं कशाला सांगू?

मग लक्षात आलं, की हे रविवारचं होतं.

मी हे कुणालाही सांगितलं नाही.

रविवारी ताई खोक्याला टेकून बसली. आई समोर. मी वाजवायला सुरुवात केली.

अँप गप्प होतं.

दिवा लागलेला होता, वायरी जागच्या जागी होत्या. बोटांखाली तारा थरथरत होत्या. मी थांबलो नाही. थांबता येत नव्हतं. गुरुवारी जसं ऐकलं तसंच, एकही चूक न करता, हात वाजवत राहिले.

शेवटची घसरण उतरली. ताईने खोक्यावरून हात काढला.

"गेलं वाटतं सगळं," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बसलो, ओठ नीट हलवत सांगितलं, की अँपमधून मलाही काही ऐकू आलं नाही, आईला विचार. आईनेही मान हलवली. ताईने आमच्या दोघांच्या गालांवरून हात फिरवला. लहानपणी मी पडलो की ती असंच करायची. आम्ही तिची समजूत काढतोय असंच तिला वाटलं.

"मी ऐकलंय रे," ती म्हणाली. "गुरुवारी, घरी. भाजी चिरत होते. म्हटलं, मनातच वाजलं असेल. शेवट किती सावकाश घेतलास."

तिचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. पण त्या क्षणी मला भीती वाटली नाही. तिला चाल मिळाली होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो.

पेडल त्याच दिवशी भोंग्याला परत केलं. त्याने तक्रार विचारली. मी ते टेबलावर ठेवून बाहेर पडलो.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी ताईची नवी तपासणी मागितली. ती सकाळीच आली, सोबतीला आई. ताईला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, दार लावलं.

मी अजून काही सोडलं नव्हतं. तिने बटण दाबलं.

कान गेलेली माणसं अंदाजाने बटण दाबतात, हे मला ठाऊक आहे. मी थांबलो. मग सर्वांत खालचा सूर सोडला. तिने बटण दाबलं नाही. तो तिने आधीच ऐकला होता.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा. माझा हात तिच्या मागून सूर सोडत राहिला.

मग तिचा अंगठा थांबला. ती मान कलती करून ऐकत होती. खूप वेळ. चेहरा हळूहळू उतरत गेला.

तिने हेडफोन काढले आणि दार उघडलं.

"आई का रडतेय?"

रडत नाहीये, मी ओठ हलवून सांगितलं.

"तुला हाका मारतेय," ताई म्हणाली. "आणि तू ओ देत नाहीयेस."

बाहेरच्या बाकावर आई बसली होती. दवाखान्यातल्या एका बाईंनी तिला काहीतरी गंमत सांगितली होती, आणि ती अजून तरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.