मधली चित्रं

कोणाचा पाट हाये हा? वर पयलं चित्र, शेवटचं चित्र, अन् खाली दिवा जळूनच राहिला. तुहा काय रे ओमप्रकाश? मंग मधली चित्रं कोण काढन, तुहा बाप?

हसू नोका पोट्टेहो. या होस्टेलची राखण करून राहिलो तवापासून हा किसनराव तुमाले एकच गोष्ट सांगते. मधली चित्रं पुरी केल्याबिगर पाटाखालचा दिवा चालू ठेवून झोपाचं नाई. पण आयकते कोण? शिकलेले ना तुमी. बंद कर आधी तो दिवा. हं. आता सरका इकडं, कंदिलाजवळ. आज पौष अमावस्या हाये. हे झालं तेबी पौष अमावस्येच्याच राती, त्रेसष्ट साली. ज्याच्यासंगं झालं तो याच खोलीत राहे. खाटबी हेच, ओमप्रकाश, तू बसला तेच.

धर्मपाल नाव त्याचं. धामणगाव रेल्वेचा, बौद्धाच्या घरचा पोट्टा. छप्पन साली घरादारानं दीक्षा घेतली तवा त्यायनं घरातले देव सोडले, अन् देवासंगं भुतंबी सोडली. "भूतबित काई नसते किसनकाका," असं मले तोंडावर म्हणे. मी म्हणो, नसन बाप्पा. हात मात्र असा का, घोडा काढला तं आता खिंकाळते वाटे.

मास्तर तवा नुकतेच मुंबईहून आलते, कार्टून फिल्मच्या कामातून. त्यायनं कॉलेजात हलती चित्रं शिकवाले घेतली. तुमी शिकता तेच. लाकडाचा पाट, त्यात काच, काचेखाली दिवा. कागदावर कागद ठेवला का खालचं चित्र वरच्यात दिसते, मंग वरचं जरासं पुढं सरकवून काढाचं. पयलं अन् शेवटचं आधी, मधली मागून. मधल्यात चुकलं का पडद्यावर माणसाचा हात गायब होते, नाई तं मुंडकं.

त्या साली अकोल्याच्या खुशालरावले आपल्या कापसाच्या प्रेसची जाहिरात पायजे होती, टॉकीजमधी सिनेम्याच्या आधी दाखवाले. लोखंडी पेटीत रुई पडते, माणूस आत उभा राहून पायानं तुडवते, पेटी दाबते, गठाण तयार होते अन् बाहेर येऊन नाचते. एवढंच. मास्तरनं हे काम धर्मपालले देलं. परीक्षेलेबी तेच धरतो म्हणे.

धर्मपालनं घाईघाईनं कच्चं काम केलं अन् वर्गात दाखवलं. मास्तर चष्मा वर करून म्हणतात, "अरे, पहिल्या चित्रात माणूस पेटीत आहे. शेवटच्यात नुसती गठाण. मग माणूस बाहेर कधी निघाला? मध्ये काढ त्याला, नाहीतर राहील गठाणीतच." सारा वर्ग हसला. धर्मपालचं तोंड पांढरं पडलं.

काहून, ते सांगतो. त्याचा मोठा भाऊ जानराव त्याच प्रेसमधी रुई तुडवे, हंगामात बायकोले घेऊन अकोल्यालेच राहे. दोन हंगाम आधी एका राती कामाले गेला तो घरी आलाच नाई. चिठ्ठी नाई, निरोप नाई. प्रेसचा जमादार होता शेषराव, तो साऱ्यायले एकच सांगे, "मुंबईले गेला." जानरावची बायको शकुन मंग धामणगावले घरी परतली. ना नवरा मेला म्हणता ये, ना हाये म्हणता ये. लोकायच्या नजरा तं तुमाले माहीत हायेत. सणाले कोणी बलावे नाई अन् दुखाले कोणी ये नाई.

तं खुशालरावचा निरोप आला, का अमावस्येले प्रेस बंद राहते, तवा येऊन मशीन समोर ठेवून चित्रं काढ अन् सकाळी मले दाखव. धर्मपाल धामणगावले घरी गेला, भाकर खाल्ली, पाट पोत्यात गुंडाळला अन् संध्याकाळच्या पॅसेंजरले निघाला. वयनी दारात आली. कपाळाले हात लावून म्हणे,

"भाऊजी, तथीच जाऊन राहिले तं एक इचारून या. हे कुंकू लावू का पुसू, येवढंच. जिते असतीन तं या म्हणू नोका. माही बळजबरी नाई. पण मले सांगा म्हणा."

"इचारतो वयनी," धर्मपाल म्हणला, अन् निघाला.

अकोल्याले पोचला तवा अंधार पडला होता. प्रेसचं आवार रिकामं. शेषराव जमादार एकटा, दारू घेऊन बसलेला. उजव्या हाताचा अंगठा अर्धाच, मशीननं खाल्लेला. त्यानं पोट्ट्याले प्रेसखोलीत नेलं, एक बल्ब लावून देला, पाटाची वायर जोडून देली. खोलीच्या मधात जमिनीत गाडलेली ते पेटी. वर लोखंडी झाकण, बाजूले दांडा. दांडा ओढला का खालून तळ वर चढते अन् रुई दाबते. इंजन बंद होतं, थंडगार.

धर्मपालनं इचारलं, "जमादार, जानराव माहा भाऊ. खरं सांगा, कुठी हाये तो?"

शेषरावनं त्याच्याकडं पाहलंबी नाई. "मुंबईले गेला," म्हणे, अन् बाहेर जाऊन खाटेवर पडला.

धर्मपालनं पयलं चित्र काढलं. पेटीतला माणूस काढता काढता हात आपोआप जानरावच काढत गेला. गुडघ्यापावतर खोचलेलं धोतर. डाव्या पायाची करंगळी नाई, लहानपणी कुऱ्हाडीखाली गेलेली. मंग शेवटचं चित्र काढलं, नाचरी गठाण. मधी ठेवाले कोऱ्या कागदाची चळत घेतली. अन् दिवसभराचा थकलेला, तसाच पाटावर डोकं टेकून झोपला. खाली दिवा चालू.

जाग आली ती आवाजानं.

सर्र… सर्र… पेन्सिलीचा आवाज.

डोळे उघडले तं आवाज बंद. खोलीत कोणी नाई. पेन्सिल त्याच्याच हातात, पण टोक झिजून लाकूड लागलेलं. अन् चळत… चळत कोरी नव्हती.

मास्तरनं शिकवल्यापरमाणं त्यानं चळत धरली, अंगठ्यानं सोडली. कागद फडफडत गेले. जानराव चालू लागला.

तुडवून राहिला. उजवा पाय, डावा पाय. मंग कोणी हाक मारल्यावानी वर पाहलं. हसला. ओळखीच्या माणसाकडं पाहून हसतात तसा.

मंग झाकण आलं.

मंग दांडा. दांड्यावर हात. त्या हाताचा अंगठा अर्धा.

धर्मपालनं चळत थांबवाले पायजे होती. थांबवता आली नाई. कागद सुटतच गेले. झाकणाच्या फटीतून बोटं बाहेर आली. बोटं वाकली. बोटं ताठ झाली. मंग फटीतून लाल उतरलं, कागदावरून खाली, पाटावर… अन् त्याच्याजवळ लाल रंग नव्हताच.

शेवटचा कागद. नाचरी गठाण.

"काय पाहून राहिला रे?"

दारात शेषराव. त्यानं चळत हिसकली. सोडली. एकदा पाहलं. पुन्हा पाहलं. त्याची दारू जागच्या जागी उतरली.

"हे तुले कोणं सांगतलं?" म्हणे. "तथी मी होतो अन् तो होता. तिसरा कोणी नव्हता."

बोलून गेला तवा त्याले समजलं, आपण काय बोललो.

धर्मपालनं तरी इचारलंच. "वयनीले काय सांगू?"

"तेच सांग. मुंबईलेच गेला. मी खोटं बोललो का? गठाणीतून गेला, मालगाडीनं." शेषराव हळूहळू पुढं आला. "भर प्रेसमधी माह्या तोंडात मारली त्यानं, तुह्या वयनीपायी. तिचा हात धरला तं काय झालं होतं एवढं? सारे मजूर हसले. त्या राती तो तुडवूनच राहिला होता. मी हाक मारली. त्यानं वर पाहलं."

गठाणी ओढाचा लोखंडी हूक भिंतीले टांगला होता. शेषरावनं तो काढला अन् मारला. धर्मपालच्या खांद्यात घुसला. आरपार. हाड कडकन वाजलं. पोट्टा ओरडला, पण बंद प्रेसमधी आयकणार कोण? शेषरावनं हूक तसाच धरला अन् त्याले ओढत नेलं, कापूस भरलेल्या बोदाले ओढतात तसं. फरशीवर रक्ताची वाट पडली. पेटीच्या काठावर एक लाथ मारली, हूक उपसून घेतला अन् त्याले आत लोटलं.

आत थोडी रुई. वर झाकण पडलं.

अंधार.

धर्मपालले आपलाच श्वास आयकू ये. खांद्यातून गरम रक्त रुईत जाऊन राहिलं. वर शेषरावचे पाय वाजले, इंजनाकडं गेले. म्हणजे चालू करन. म्हणजे झालं. माय आठवली. वयनी आठवली. तिले सांगाले कोणीच राहणार नाई, हे आठवलं अन् त्याले रडू आलं.

तवा… जवळ…

थप.

थप.

कोणीतरी रुई तुडवून राहिलं होतं. त्याच्या अंगाशी. त्यानं हात लांबवला. हाताले पाय लागला. थंड. बोटं चाचपली. एक, दोन, तीन, चार…

करंगळी नव्हती.

"भाऊ?" धर्मपाल म्हणला.

थप. थप. मंग थांबलं. दोन हात त्याच्या काखेत आले. त्याले उचललं. लहानपणी बैलगाडीत चढवे, तसं. वरचं झाकण उघडलं, अन् तो फरशीवर येऊन पडला.

माणूस मधी बाहेर निघाला, पोट्टेहो. तेवढंच चित्र बाकी होतं.

शेषराव इंजनापासून पळत आला. हातात तोच हूक. त्यानं धर्मपालवर उचलला, अन् हात वरच राहिला. तो धर्मपालकडं पाहत नव्हता. त्याच्या मागं पाहत होता. पेटीकडं.

"जान्या," म्हणे. "जान्या, नोको."

हुकाले पेटीतून झटका बसला. हूक सोडला असता तं वाचला असता. बोटं सुटलीच नाई. पोटावर घसटत गेला, नखं फरशीत रुतवत. नखं निघाली. पेटीत डोकं गेलं, मंग कंबर, मंग पाय.

झाकण पडलं.

दांडा खाली आला. दांड्याजवळ कोणी नव्हतं. इंजन बंद होतं, हे धर्मपालनं नंतर सोता जाऊन पाहलं. पण तळ वर चढला. हळू. लय हळू. आतून शेषराव पयले शिव्या देऊन राहिला, मंग माफी मागून राहिला, मंग नुसता आवाज. मंग हाडं. एकेक. कापसाची सुकी पऱ्हाटी मोडावी तशी. फटीतून बोटं बाहेर आली, त्यात एक अर्धा अंगठा. बोटं वाकली. बोटं ताठ झाली.

मंग…

काई नाई.

सकाळी खुशालराव आले तवा धर्मपाल दारात बेशुद्ध पडला होता. अन् पेटीसमोर एक गठाण उभी. लोखंडी पट्ट्या आवळून बांधलेली, खाली ओली. पट्ट्या बांधाले माणसं लागतात. पोलिसायनं लिहून टाकलं, जमादार दारूच्या नशेत मशीनमधी पडला. धर्मपालनं सारं सांगतलं, पाट दाखवला. पाटावर पयलं चित्र होतं, शेवटचं होतं. मधले सारे कागद कोरे. पयल्या चित्रातली पेटीबी रिकामी, माणूस कुठीच नाई. पोलीस म्हणे, यात काय दिसते बाबू?

दवाखान्यातून सुटला तवा मीच त्याले धामणगावले घेऊन गेलो. रस्ताभर तो एकच घोकून राहिला, वयनीले कसं सांगू, किसनकाका, कसं सांगू.

घर आलं. शकुनबाई दारातच बसली होती. कपाळ स्वच्छ धुतलेलं. डोळे रडून कोरडे झालेले, पण चेहरा शांत. दोन वर्षांत असा शांत पाहला नव्हता म्हणे त्यानं. धर्मपालनं तोंड उघडलं, "वयनी…"

"माहीत हाये," ते म्हणाली. "अमावस्येलेच आले ते, पहाटं. तुमाले बाहेर काढलं म्हणे, भाऊजी. मंग आत गेले." अन् तिनं उंबऱ्याकडं बोट केलं.

मी सोता पाहलं, पोट्टेहो. सारवलेल्या भुईवर रुईची पावलं होती, एकामागं एक, दारातून आत जाणारी. बाहेर येणारं एकबी नाई. पांढरीशुभ्र रुई, सुटी, फुंकरीनं उडावी अशी. दार सताड उघडं, वारा सुरू, अंगणातला पाला उडून राहिला होता. पावलं हालत नव्हती. मी वाकून पाहलं. डाव्या पायाले करंगळी नव्हती.