कडेची माया

माझी आतेबहीण खोटं बोलत नाही. थट्टेतसुद्धा नाही. म्हणून तिनं सांगितलं ते जसंच्या तसं सांगतोय. आणि रात्र-बित्र मुळीच नव्हती... मंगळवारची भरदुपार होती. रस्त्यावर लख्ख ऊन.

ताईचा फोटो स्टुडिओ आहे. बाहेर काउंटर, आत पडद्यामागे कॉम्प्युटर. ती एकटीच काम करते.

त्या दुपारी मागच्या गल्लीतले शिंपीकाका आले. त्यांची बायको नुकतीच गेली होती. हातात जुना फोटो. काकू घराच्या दारात उभ्या. मागे सायकल, बादल्या, वाळत घातलेले कपडे.

"एवढा पसारा काढ, पोरी. नुसती ही राहू दे. भिंतीवर लावायचीय."

"काढते की. तासाभरानं या."

"आणि अगदी कडेनं कापू नकोस हं. थोडी माया ठेव."

शिंपी शिवणीपुरतं जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. ताईला हसू आलं. काकाही हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे.

ताईनं फोटो स्कॅन केला. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की फोटोतला माणूस आपोआप निवडला जातो. त्याच्याभोवती तुटक रेघ मुंग्यांसारखी फिरू लागते.

रेघ काकूंभोवती फिरली. खांद्यावरून, कोपरावरून, डाव्या हातापर्यंत आली...

आणि तिथून बाजूला वळली.

काकूंच्या शेजारी कुणीच नव्हतं. नुसती भिंत. पण रेघेनं तिथं एक आकार काढला... लहानसं डोकं. लहानसे खांदे. वर केलेला एक हात.

तो हात काकूंच्या मुठीपर्यंत गेला होता. आणि काकूंची मूठ अर्धवट मिटलेली होती. कुणाला बोट धरायला दिल्यासारखी.

ताईनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

सॉफ्टवेअर चुकतं कधीकधी. केसांना भिंत समजतं, भिंतीला केस. तिनं तेवढा भाग हातानं वगळला. काकूंच्या बोटांच्या अगदी कडेनं. मग मागचं सगळं उडवलं.

पांढऱ्याशुभ्र स्क्रीनवर काकू एकट्या उरल्या.

ताईचं लक्ष सहज त्यांच्या हाताकडे गेलं...

मूठ उघडली होती. बोटं सुटी. लोंबती.

तिनं घाईघाईनं सगळं रद्द केलं. सायकल परत आली. बादल्या आल्या. कपडे आले.

मूठ मिटली नाही.

मग आवाज आला. खुर्चीच्या मागून... रडून रडून दमलेलं मूल शेवटी नुसते हुंदके देतं ना, तसा.

ताई गोठली. डावा हात खुर्चीच्या बाजूला लोंबत होता, तसाच राहिला.

त्या हाताचं बोट कुणीतरी धरलं.

इवलीशी मूठ. गरम. घामेजलेली.

ताई ओरडली नाही. "ते पोर इतकं घाबरलं होतं ना," ती म्हणते, "की मला घाबरायला जागाच उरली नाही."

काका आले तेव्हा ती तशीच बसून होती.

"काका, तुम्हाला मूल होतं?"

काकांनी टेबलावरचा मूळ फोटो उचलला. त्या जुन्या कागदावरही काकूंची मूठ उघडी होती. काकांनी त्या सुट्या बोटांवरून अंगठा फिरवला.

"मुलगी होती. चार वर्षांची होऊन गेली. हा फोटो त्यानंतरचा. ही म्हणायची, पोर माझं बोट सोडत नाही. मी खेकसायचो. वेड लागलंय तुला, म्हणायचो. शेवटी तिनं तो विषयच टाकला."

ताईनं घडलं ते सांगितलं. "मी माया ठेवली नाही, काका. अगदी कडेनं कापलं."

काकांनी डोळे पुसले. वाकले. ताईच्या खुर्चीशेजारच्या रिकाम्या जागेत आपलं बोट पुढे केलं.

"चल गं छकुले. आई नाहीये आता. पण बाबा आहे ना..."

थांबले. वाट पाहिली. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"धरलं! पोरी, धरलं गं तिनं!"

ते निघाले. एका अंगाला झुकून, बारीक पावलं टाकत, खाली बघून बोलत.

ताई दारापर्यंत गेली. हाक मारायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

तिच्या बोटावरची पकड सुटलेली नव्हती.

उलट घट्ट झाली होती.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. काका खुशीत असतात. शेजारी सांगतात, संध्याकाळी पायरीवर बसून कुणाला तरी गोष्टी सांगतात. ताईनं त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगणार तरी कुठल्या तोंडानं?

परवा ती आमच्याकडे आली होती. रस्ता ओलांडताना मी तिचा डावा हात धरायला गेलो. तिनं झटकन मागे घेतला.

"त्या बाजूनं नको," म्हणाली. "दचकते ती."