टांगतं टोक

नरहर टिपऱ्यांना जन्मात कधी पोहता आलं नाही. तरीही एका रविवारी सकाळी ते रंकाळ्याच्या काठावर गेले, सदरा काढला, त्याची नीट घडी घालून कट्ट्यावर ठेवली आणि पाण्यात उडी मारली. पोहल्याची त्यांना पक्की आठवण होती. वेंगुर्ल्याच्या खडकांवरून मारलेल्या उड्या, नाकात शिरलेलं खारं पाणी, बापाने तंगडी धरून ओढलेलं, सगळं जसंच्या तसं. फक्त ते लहानपण त्यांचं नव्हतं. म्हशी धुणाऱ्या एका गड्याने त्यांना बाहेर काढलं असं टिपरे सांगतात. गडी म्हणतो, म्हशीने काढलं, मी नुसता बघत होतो.

"अहो, पण उडी मारलीत कशाला?" घरी वत्सलाबाईंनी त्यांचं डोकं खसाखसा पुसत विचारलं.

"मला वाटलं, येतं."

"पोहायला? बादलीत पाय घालताना बिचकता तुम्ही!"

"तेही खरंच आहे. पण मला दोन्ही आठवतंय गं, कुमुद."

टॉवेल थांबला. वत्सलाबाईंचं नाव कुमुद नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नवऱ्याला घेऊन थेट त्याच्या मालिकेच्या स्टुडिओच्या वरच्या मजल्यावरच्या स्मृतिकलम प्रयोगशाळेत जाऊन बसल्या.

खालच्या मजल्यावर बेट होतं. कोल्हापुरात समुद्र नाही म्हणून कुणाचं अडत नाही. ट्रकांनी वाळू आणली, फायबरचे माड उभे केले, हौदात मिठाची पोती ओतली आणि 'अकरा जणांचं बेट' ही मालिका सुरू झाली. इंजिन बंद पडलेली एक लाँच, निर्मनुष्य बेटाला लागलेली अकरा माणसं, एवढंच कथानक. पहिल्या वर्षी त्यांनी पाणी शोधलं आणि दुसऱ्या वर्षी ती त्यावरून भांडली. बाकी सगळा कारभार दोन युक्त्यांवर चालायचा. एक मागदृश्य, म्हणजे माणूस बेटावर नारळ फोडतोय आणि नारळ फुटला की तो एकदम जुन्या काळात, स्वतःच्या लग्नाच्या मांडवात. दुसरी टांगतं टोक, म्हणजे भाग संपता संपता कुणीतरी डोळे विस्फारून कशाकडे तरी बघतं आणि पडदा काळा होतो. कशाकडे बघितलं ते पुढच्या सोमवारी.

टिपरे त्यात लाँच हाकणारा तांडेल सारंग व्हायचे. रंगभूमीवर राजे आणि ऋषी करून केस पिकलेल्या या माणसाला सारंगने घरोघरी पोचवलं. अडचण एवढीच होती, की सारंग आता शूटिंग संपल्यावर घरी जाईना.

"तुमचं कलम चांगलं जोमात आहे," डॉ. शाल्मली केरकर पडद्यावरची हिरवी जाळी बघत म्हणाल्या. स्मृतिकलमाचा शोध त्यांचाच. लेखकाने लिहिलेलं मागदृश्य यंत्रात घालायचं, यंत्र त्याची आठवण बनवतं आणि ती नटाच्या मेंदूवर बांधतं. मग नटाला रडायचं नाटक करावं लागत नाही. त्याला आठवतं आणि तो रडतो.

"कौतुक नंतर करा," वत्सलाबाई म्हणाल्या. "आधी ते काढा."

"काढायचंच आहे. पण ते कसं निघतं, हे समजून घ्या. आंब्याचं कलम पाहिलंयत? खुंटाला ओली चीर द्यावी लागते, वाळक्या लाकडावर कलम धरत नाही. मेंदूतली ओली चीर म्हणजे अपुरा प्रश्न. गॅसवर दूध ठेवलंय हे डोक्यात कसं टोचत राहतं? गॅस बंद केला की गेलं. संपलेली गोष्ट मेंदू घडी घालून ठेवतो, ती वाळते. अपुरी राहिलेली ओली राहते, आणि तिला चिकटलेलं सगळं ओलं ठेवते. आमचं यंत्र वाळलेलं अलगद उचलतं. ओलं त्याला उचलता येत नाही."

"आणि या गृहस्थांनी," वत्सलाबाईंनी कोपऱ्याकडे हात केला, "दर सोमवारी ओली चीर पाडून ठेवलीय."

कोपऱ्यात मालिकेचे लेखक चित्तरंजन आजगावकर बसले होते. त्यांनी चष्मा पुसायला काढला. "वहिनी, टोक टांगलं नाही तर लोक चॅनल बदलतात हो."

"लोक चॅनल बदलतात. यांनी बायको बदलली."

टिपऱ्यांचं लक्ष वेगळ्याच जागी अडकलं होतं. "डॉक्टर, यातलं माझं कुठलं आणि त्याचं कुठलं, हे यंत्राला कळतं कसं? कारण मलाच कळत नाहीये. माझ्या लग्नात मांडव पडला होता. की त्याच्या?"

"यंत्राला कळत नाही. आठवणीवर मालकाचं नाव नसतं, यंत्राला फक्त ओलं आणि वाळलेलं समजतं. म्हणून आजगावकर सारंगचे सगळे प्रश्न सोडवतील, सारंग वाळेल आणि अख्खा उचलला जाईल. तुम्ही जिवंत माणूस आहात. जिवंत माणसाच्या डोक्यात हजार गोष्टी अर्धवट असतात, त्या तुम्हाला धरून ठेवतील."

"आणि उचललेलं जातं कुठे?"

"कुपीत. ओली चीर मिळाली तर परत बांधताही येतं."

"आणि नाही काढलं तर?"

केरकरांनी पडद्यावरच्या जाळीकडे बोट केलं. "कलमाच्या झाडाला आंबे कलमाचे लागतात, नरहरराव. खुंट नुसता पाणी पुरवतो."

टिपऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक आमराई आली आणि ही कुणाची, हे काही केल्या ठरेना.

आजगावकरांनी मग फक्त टिपऱ्यांसाठी एक शेवटचा भाग लिहिला. जहाज आलं, सगळी सुटली, बापाने सारंगला माफ केलं, त्याची बायको कुमुद धक्क्यावर उभी होती. टिपऱ्यांनी तो भाग खालच्या बेटावर जीव ओतून केला, आणि स्वतःच ढसाढसा रडले.

"सारंगचं काही राहिलं नाही ना?" केरकरांनी लेखकाला विचारलं. "जुने भाग एकदा चाळून घ्या."

"अहो, मीच लिहिलेत ते. मला नाही आठवणार?"

जाता जाता केरकर टिपऱ्यांना म्हणाल्या, "तुम्ही निवांत या. मनात काही घोळत ठेवू नका." दात काढायच्या आधी डॉक्टर म्हणतात ना, घाबरू नका, त्यातलंच ते. दुसरा कुणी असता तर ऐकून विसरला असता. पण टिपऱ्यांचा जन्म नाटकात गेलेला. दिग्दर्शक म्हणाला उजवीकडून या, की भिंत फोडून उजवीकडून येणारा हा माणूस. त्यांनी मनात घोळणारी एकेक गोष्ट धरून निकालात काढायला सुरुवात केली.

इचलकरंजीला जाऊन धाकट्या भावाला मिठी मारली. विहिरीच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. भाऊ इतका घाबरला, की त्याने वहिनीला फोन करून डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं. अर्धी वाचून टाकलेली एक रहस्यकथा काढून त्यांनी शेवटचं पान वाचलं. खून माळ्याने केला होता. मुलीला पुण्यात फोन करून, तू लहानपणी चित्रकलेला जायचं म्हणत होतीस, मी नाही म्हणालो, राग आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, बाबा, मी चित्रकलेलाच गेले, प्रदर्शनाला तुम्ही आला होतात. तेही मिटलं. शेवटी डोकं असं स्वच्छ झालं, की प्रयोग संपल्यावर झाडून काढलेलं स्टेजच. आत आता फक्त आवरून बसलेला नरहर होता, आणि जहाजात चढून घरी पोचलेला सारंग.

यंत्राच्या दाराशी ते वत्सलाबाईंकडे वळले. "तुझं-माझं काही राहिलंय का गं?"

"का हो?"

"नाही, असलं तर आत्ताच मिटवू. डॉक्टरांनी सांगितलंय. बरं, जातो मी."

वत्सलाबाईंच्या कपाळावर आठी चढली. "जातो काय? येतो म्हणा! घरातून निघताना असं बोलतं का कुणी? आठ दिवस बघतेय, सगळं निरवानिरव करत सुटलायत, परत यायचंच नसल्यासारखं."

"अगं, तसं नाही..."

"राहिलंय. माझं एक राहिलंय. बेळगावचा स्टँड आठवतो?"

टिपऱ्यांचा चेहरा उजळला. हे मात्र पक्कं त्यांचं होतं. कंपनीचा बेळगावला दुपारचा प्रयोग, वत्सला तेव्हा कंपनीत दासी करायची, वडिलांनी धारवाडचं स्थळ ठरवलं म्हणून ती कुणाला न सांगता कंपनी सोडून निघाली होती. आणि ते स्वतः राजाच्या वेशात, अर्धी दाढी सुटलेली, भर उन्हात स्टँडवर धावत गेले होते. "न आठवायला काय झालं? मी आलो आणि तू गाडीतून उतरलीस."

"मी तुम्ही यायच्या आधीच उतरले होते."

"काय?"

"तुम्ही फाटकातून शिरलात तेव्हा मी खाली उभी होते की नाही? इतकी वर्षं छाती फुगवून सांगताय, माझ्यासाठी उतरली."

"मग उतरलीस कशाला?"

"ते आल्यावर सांगते. म्हणजे यावं तरी लागेल."

तेवढ्यात केरकरांनी त्यांना आत घेऊन दार लावलं.

दार उघडलं तेव्हा यंत्राच्या पाळण्यातून तांडेल सारंग उठून बसला. त्याने प्रथम वारा बघितला. वारा नव्हता, पंखा होता. समोर पांढऱ्या कोटातली एक बाई, एक चष्मेवाला आणि गडद हिरव्या साडीतली आणखी एक बाई. तिघंही अनोळखी. जहाज आपल्याला कुठल्या बंदरात घेऊन आलं, हे त्याला समजेना.

"नरहरराव?" कोटवाली म्हणाली.

"कोण नरहर? मी सारंग. लाँच कुठे लागलीय? आणि आधी मला एक सांगा. बेटावरच्या पडक्या दीपगृहाच्या भिंतीत, तेलाच्या डब्यामागे मी एक गाठोडं पुरलं होतं. त्यात काय होतं?"

चष्मेवाल्याने दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. "मेलो! पहिल्याच पावसाळ्यातला भाग तो. दिग्दर्शक म्हणाला टोक पाहिजे, म्हणून पुरायला लावलं. काय पुरलं ते ठरवलंच नव्हतं मी!"

केरकरांनी कुपी उजेडात धरली. ती काठोकाठ भरलेली होती, आणि त्यात वेंगुर्ल्याचा एक थेंब नव्हता. इचलकरंजीचा भाऊ, पुण्याची मुलगी, राजे, ऋषी, मांडव पडलेलं लग्न, जे जे मिटलं होतं ते ते सगळं यंत्राने इमानदारीत उचललं होतं. सारंगला मात्र ते एक गाठोडं धरून राहिलं होतं.

"पण माणसाच्या डोक्यात एवढं वाळलेलं असतंच कसं?" त्या पुटपुटल्या. "काही घोळत ठेवू नका म्हटलं होतं मी, आणि यांनी..." त्या खाली बसल्या. "बांधायलाही जागा नाही. एक ओली चीर तरी हवी."

तांडेल इकडे डोळे चोळत होता. त्याच्या डोळ्यांपुढच्या दीपगृहाच्या शेजारी काहीतरी उभं होतं, आणि ते तिथे असायचं काही कारण नव्हतं. लाल रंगाची एसटी. बेटावर एसटी येणार कुठून? त्याने पुन्हा बघितलं. धूळ, ऊन, बेळगावची पाटी, आणि गाडीजवळ उभी असलेली एक तरुण बाई. मग त्याची नजर हिरव्या साडीकडे गेली आणि तिथेच खिळली.

"बाई," तो चाचरत म्हणाला, "तुम्ही त्या गाडीतून उतरलात कशाला?"

वत्सलाबाईंच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. "अहो, सांगते ना! त्या दिवशी मी..."

"सांगू नका!" केरकर किंचाळल्या. "एक अक्षर बोलू नका! सांगितलंत तर मिटेल, आणि मिटलं तर वाळेल. आत्ताच पडलेली चीर आहे ही, तिला अजून काही चिकटलेलं नाही, पण तेवढीच जागा उरलीय, बाकीचे नरहरराव तिथेच बांधायचेत. आजगावकर, तुम्ही बसा आणि काय पुरलं ते ठरवा. आत्ता!"

"शंख चालेल?"

"काहीही चालेल!"

वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला. जन्मभर पोटात ठेवलेली गोष्ट नेमकी आज ओठावर आली होती, आणि ती आता परत गिळायची होती. त्यांनी गिळली. मग खुर्ची ओढून त्या तांडेलाजवळ बसल्या.

"बाईच्या हातात काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

त्याने डोळे बारीक केले. "ट्रंक. आणि दुसऱ्या हातात... चप्पल? नाही. मोजडी. जरीची, राजाच्या पायातली."

"आणखी कोण आहे?"

"एक माणूस धावत येतोय. मुकुट घातलाय वेड्याने. दाढी लोंबतेय." तो एकदम हसला, आणि मग हसता हसता थांबला. "त्याचा एक पाय उघडा आहे. अहो, त्याची मोजडी या बाईकडे गेली कशी?"

केरकरांनी पडद्याकडे बघितलं. हिरव्या जाळीच्या काठाला, सारंगपासून दूर, एक नवा ठिपका उगवला होता. त्यांनी वत्सलाबाईंकडे बघून मान हलवली: आणखी.

"चांगला प्रश्न आहे," वत्सलाबाई म्हणाल्या. "त्या वेड्याला कधी सुचला नव्हता." उत्तर पुन्हा ओठावर यायला लागलं तशा त्या उठल्या आणि चहाचा थर्मास शोधायला दाराकडे निघाल्या.

"बाई!" तांडेल पाळण्यातून अर्धा उठला. हा घाबरलेला आवाज आपला की कुणाचा, हे त्यालाही ठरवता येईना. "अहो, असं मध्येच टाकून जाता कुठे?"

वत्सलाबाई उंबऱ्यावर थांबल्या.

"जात नाही," त्या म्हणाल्या. "येते."